स्वयंपाकघरातील चिमणी: भाग, निगा आणि सुरक्षितता

घराचा ताबा मिळाला आणि ओट्याखाली ट्रॉल्या बसल्या, की त्यांच्याच मापात वर चिमणी बसवून टाकण्याची पद्धत आता ठाण्यात आणि नवी मुंबईत रूढ झाली आहे. बहुतेक वेळा ट्रॉलीवालाच ती आणतो, त्याचाच माणूस ती बसवतो, आणि घरातल्यांचा तिच्याशी खरा परिचय होतो तो तेलाचा पहिला तपकिरी थेंब भाजीत पडतो तेव्हा. आमच्या घरी तो परिचय आणखी उशिरा झाला. चिमणी लावून दीड वर्ष झाल्यावर माळ्यावरून आकाशकंदिलाचे खोके काढायला गेलो, तर पुठ्ठा तेलकट आणि हाताला चिकट लागला. बसवणाऱ्याने पाइप भिंतीबाहेर न नेता माळ्याच्या फळीमागे मोकळा सोडून दिला होता, आणि दीड वर्ष आमच्या फोडण्यांची वाफ त्या खोक्यांवर बसत होती. चिमणी आवाज करत होती, डोळ्यांसमोरचा धूर नाहीसा होत होता, म्हणून ती उत्तम चालली आहे असे आम्ही समजत होतो.

या लेखात जे सांगायचे आहे ते त्या तेलकट खोक्यापासूनच सुरू होते. चिमणी म्हणजे ओट्यावर टांगलेली चकचकीत पेटी एवढेच नव्हे. खिडकीतून आत येणाऱ्या हवेपासून इमारतीबाहेर पडणाऱ्या धुरापर्यंतची ती सगळी वाट आहे. या वाटेवर जिथे हवा अडते तिथे तेल साचते, आणि जिथे तेल साचते तिथे आधी दुर्गंधी, मग बिघाड आणि क्वचित आगही लागते.

हवेच्या वाटेने भागांची ओळख

मराठीत चिमणी म्हटले की अंगणातले पाखरू आठवते, रॉकेलचा लहानसा दिवा आठवतो, आणि त्यानंतर धुराडे. जुन्या घरातले धुराडे गरम हवा वर जाते एवढ्याच नियमावर चालते. त्याला उंची लागते, वीज लागत नाही. सदनिकेच्या स्वयंपाकघरात ती उंची मिळत नाही, म्हणून तिचे काम विजेवर चालणाऱ्या पंख्याकडून करून घ्यावे लागते. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

कढईतून उठलेली वाफ आणि धूर प्रथम हूडमध्ये, म्हणजे वरच्या पसरट तोंडात गोळा होतात. हूड शेगडीपेक्षा अरुंद असेल तर कडेच्या बर्नरचा धूर त्याच्या बाजूने निसटतो आणि छताला लागतो. म्हणून दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटर आणि तीन किंवा चार बर्नरच्या शेगडीला ९० सेंटिमीटर रुंदीची चिमणी घेतात.

हूडच्या आत फिल्टर असतो, ज्याला बोलण्यात आपण जाळीच म्हणतो. जुन्या किंवा स्वस्त चिमण्यांत ॲल्युमिनियमच्या तारांचे अनेक थर असलेली जाळी असते. ती तेल चांगले धरते, पण तितक्याच लवकर तुंबते. बॅफल फिल्टरमध्ये स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंतल्यासारख्या बसवलेल्या असतात. हवेला त्यांतून जाताना एकदम वळावे लागते. हवा वळते, तेलाचे जड कण मात्र सरळ जाऊन पट्टीवर आदळतात आणि ओघळून खालच्या वाटीत जमा होतात. आपल्या तळणीला आणि फोडणीला हाच प्रकार मानवतो, असे माझे मत आहे. हल्ली फिल्टर नसलेल्या चिमण्याही मिळतात. त्यांत ब्लोअरच्या, म्हणजे हवा खेचून पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या, वेगाने तेल आतल्या भिंतीवर फेकले जाते आणि तेथून वाटीत उतरते. यांत दर महिन्याला जाळी घासण्याचा त्रास वाचतो खरा, पण तेल थेट ब्लोअरपर्यंत पोहोचत असल्यामुळे त्याची आतून होणारी सफाई टाळून चालत नाही.

फिल्टरच्या मागे मोटर आणि ब्लोअर असतात. ब्लोअरनंतर पाइप जोडण्याच्या तोंडाशी दोन अर्धगोल पातळ झडपा असतात. चिमणी चालू झाली की त्या हवेच्या दाबाने उघडतात आणि बंद झाली की मिटतात, त्यामुळे बाहेरची हवा, धूळ आणि झुरळे आत येत नाहीत. बसवताना या झडपा उलट्या लागल्याची किंवा टेपखाली चिकटून बसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अशी चिमणी भरपूर गुरगुरते आणि धूर तसाच राहतो. झडपांपुढे पाइप, आणि पाइपच्या बाहेरच्या टोकाला पाऊस व पक्षी अडवणारे झाकण, अशी ही वाट संपते.

पाइप नसलेल्या चिमण्यांत बॅफल किंवा जाळीच्या जोडीला कोळशाचा फिल्टर असतो. तो वास काही प्रमाणात शोषून घेतो आणि हवा पुन्हा घरातच सोडतो. उष्णता आणि वाफ तो बाहेर नेऊ शकत नाही. हा कोळसा धुऊन पुन्हा वापरता येत नाही, वापराप्रमाणे तीन ते सहा महिन्यांत बदलावाच लागतो. भिंतीबाहेर जाण्याचा कोणताच मार्ग नसेल तरच हा पर्याय निवडावा.

विकत घेताना करायचे गणित

दुकानात चिमणीची थोरवी एकाच आकड्यात सांगितली जाते: ताशी इतके घनमीटर खेच. हा आकडा तपासून पाहणे अवघड नाही. आपल्याकडच्या मध्यम स्वयंपाकघराची लांबी १० फूट, रुंदी ८ फूट आणि उंची ९ फूट धरली तर आतली हवा ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २० घनमीटर भरते. तासाला १० ते १५ वेळा ही हवा बदलावी असे धरले तर २०० ते ३०० घनमीटर पुरतात. प्रत्यक्षात मिरचीचा ठसका उठताक्षणीच खेचला जायला हवा असतो, आणि जाळी व पाइप यांच्या अडथळ्यात बरीच खेच खर्ची पडते, म्हणून यापेक्षा बरीच जास्त क्षमता घेणे योग्यच आहे. तरीही जाहिरातीतला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, आणि तुमच्या घरातला पाइप धरून मोजलेला तर तो कधीच नसतो. आखूड आणि सरळ पाइप असेल तर ताशी ८०० ते १००० घनमीटर सांगितलेली चिमणी लहान स्वयंपाकघराला पुरते, आणि पाइप नागमोडी असेल तर १५०० ची चिमणीही केवळ आवाज वाढवते. काही कंपन्या हाच आकडा मिनिटाला घनफुटांत देतात. तुलना करताना त्याला १.७ ने गुणले की ताशी घनमीटर मिळतात.

बसवताना समोर उभे राहावे

चिमणीचे भवितव्य बसवण्याच्या त्या दोन तासांत ठरते, म्हणून त्या दिवशी घरात जाणत्या माणसाने हजर असावे. शेगडीच्या वरच्या पृष्ठभागापासून हूडच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात; नेमका आकडा कंपनीच्या पत्रकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. चिमणी यापेक्षा खाली आली तर उष्णतेने जाळीतले तेल तापते आणि प्लॅस्टिकचे भाग वाकतात, वर गेली तर धूर पसरतो. भिंतीवरची लादी किंवा आधीच बसवलेले कपाट यांच्या सोयीसाठी फिटर हे अंतर सहज बदलतो, तेव्हा त्याला टेप लावून दाखवायला सांगावे.

पाइपचा व्यास चिमणीच्या तोंडाइतकाच, म्हणजे बहुधा ६ इंच असावा. भिंतीतले भोक आधीपासून ४ इंची आहे म्हणून पाइप तिथे आवळून घेण्याचा मोह होतो. ६ इंचाच्या वर्तुळाच्या तुलनेत ४ इंचाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी, जेमतेम ४४ टक्के भरते, आणि त्यामुळे मोटरवर ताण येऊन तेल त्या अरुंद जागेतच साचू लागते. घडीचा ॲल्युमिनियम पाइप पूर्ण ताणून लावावा आणि उरलेला तुकडा कापून टाकावा. गुंडाळून ठेवलेल्या जादा पाइपच्या प्रत्येक वळीत तेल थांबते. काटकोनी वळण शक्य तितके टाळावे, आणि ते घ्यावेच लागले तर दोन सौम्य वळणांत विभागून घ्यावे. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असला की पावसाचे पाणी आणि थंड होऊन पाणी झालेली वाफ मोटरकडे परत येत नाही. प्लॅस्टिकचा पाइप स्वस्त पडतो, परंतु तो उष्णतेने मऊ होतो आणि आगीत धगधगतो, म्हणून धातूचाच पाइप लावावा.

भोक कुठे पाडायचे हा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक आहे. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडणे, करता येते, मात्र बीम आणि कॉलम यांना कोणत्याही परिस्थितीत यंत्र लावू देऊ नये. आतली सळई कापली गेली तर ते नुकसान साऱ्या इमारतीचे होते. त्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. वाशी, नेरूळ, ऐरोली येथील सिडकोच्या जुन्या घरांत भिंत फोडण्यापेक्षा खिडकीच्या एका काचेच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून त्यात गोल भोक पाडणे सोपे आणि स्वस्त पडते. पाइप ड्राय बाल्कनीत सोडून काम उरकणे मात्र योग्य नाही, कारण तेथे वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि वॉशिंग मशीनवर तोच तेलाचा थर बसतो, आणि बहुतेक वेळा धूर खिडकीतून पुन्हा आत येतो. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर पाइपचे तोंड ठेवू नये हे सांगायला नकोच. सुक्या बोंबलाचा वास हा सोसायटीच्या सभेत बराच काळ टिकणारा विषय आहे.

विजेच्या जोडणीसाठी चिमणीला अर्थिंग असलेला स्वतंत्र तीन पिनांचा सॉकेट द्यावा, आणि तो हाताला सहज पोहोचेल अशा उंचीवर, पण शेगडीच्या थेट वर नसावा. चिमणीचे बाह्यांग धातूचे असते आणि ओल्या हाताने तिला स्पर्श होतोच, त्यामुळे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, घराच्या वीजफलकावर आहे की नाही हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

रोजचा वापर

शेगडी पेटवण्याआधी एक-दोन मिनिटे चिमणी लावावी म्हणजे हवेचा ओघ तयार होतो, आणि स्वयंपाक संपल्यावर आणखी पाच ते दहा मिनिटे ती चालू ठेवावी म्हणजे पाइपमधली वाफ बाहेर पडते. या वेळी स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण बंद नसावी, कारण बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा कुठून तरी आत यायला हवी. मात्र शेगडीच्या अगदी शेजारची खिडकी सताड उघडली तर वारा धुराला हूडखालून बाजूला ढकलतो, तेव्हा समोरच्या किंवा बैठकीच्या खोलीतल्या खिडकीची फट उत्तम. चिमणीबरोबर भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखाही लावणे म्हणजे दोघांना एकाच हवेसाठी झगडायला लावणे होय.

बंद खिडक्यांचा आणखी एक धोका गंभीर आहे. गॅसवर चालणारा गीझर बाथरूममध्ये किंवा स्वयंपाकघरालगत असेल, तर जोरात चालणारी चिमणी त्याच्या नळीतून बाहेर जाणारा वायू उलट घरात खेचू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. गीझर चालू असताना खिडकी उघडी ठेवावी किंवा चिमणी बंद ठेवावी.

स्वच्छता

तारेची जाळी दर पंधरा दिवसांनी आणि बॅफल महिन्यातून एकदा धुवावा. रोज मासे तळले जात असतील तर हे अंतर निम्मे करावे, आणि दिवाळीच्या फराळाचे तळण संपल्यावर लगेच एक धुणे करावे, कारण चार-पाच दिवसांत जाळीवर महिन्याभराचे तेल बसलेले असते.

प्रथम बटण बंद करून प्लग काढावा आणि चिमणी निवू द्यावी. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, हातमोजे घालून जाळी खाली काढावी. पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि बोट कापते. तेलाची वाटी याच वेळी रिकामी करावी, मात्र ते तेल सिंकमध्ये ओतू नये, कागदात शोषून कचऱ्यात टाकावे. मोठ्या परातीत किंवा टबात कडक गरम पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याचे द्रावण आणि दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा मिसळावा, आणि जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी. नंतर मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने घासून स्वच्छ पाण्याने धुवावी. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि धुण्याच्या सोड्याने ते काळे पडते, म्हणून ही दोन्ही द्रव्ये तारेच्या जाळीला लावू नयेत. धुतलेली जाळी रात्रभर उभी ठेवून पूर्ण वाळवावी. ओली जाळी बसवली तर पाणी ब्लोअरपर्यंत ओढले जाते, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत गंज चढायला तेवढे निमित्त पुरते.

ऑटो क्लीन या शब्दाने अनेकांची फसगत होते. त्या बटणाने ब्लोअरभोवतीची एक पट्टी तापते, तिथले तेल पातळ होते आणि वाटीत उतरते, एवढेच घडते. काही चिमण्यांत जोडीला पाण्याचा फवाराही असतो. हूडची आतली बाजू, बाहेरची जाळी आणि पाइप यांना त्याचा स्पर्शही होत नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, शेगडी बंद असताना आणि वाटी रिकामी करून ते चालवावे, पण त्या भरवशावर वर्षातून एकदा ब्लोअर उघडून करायची सफाई रद्द करू नये.

आपल्या भागातली दोन दुखणी

पहिले कबुतरांचे. पाइपचे तोंड आठवडाभर जरी उघडे राहिले तरी कबुतरे तिथे काटक्या आणून टाकतात. सुटीत गावी जाऊन परतल्यावर चिमणी एकाएकी कमजोर वाटली तर आधी बाहेरचे तोंड पाहावे. तिथे जाळीचे झाकण असावे, पण जाळी फार बारीक नसावी, नाहीतर तेलाने तीच तुंबते.

दुसरे पावसाचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमधला वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. ज्यांच्या पाइपचे तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला आहे त्यांच्या घरात पाणी पाइपमधून उलटे शिरते, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर वारा झडपाच उचलून धरतो. खाली तोंड असलेले छत्रीसारखे झाकण हा त्यावरचा साधा उपाय. मे महिन्यातच झडपा, टेप आणि भोकाभोवतीचे सिमेंट तपासून घ्यावे, म्हणजे ऐन पावसात फिटरची वाट पाहावी लागत नाही.

बिघाड ओळखणे

खेच तपासायला कागदाचा साधा ताव पुरतो. चिमणी मधल्या वेगावर लावून ताव जाळीला टेकवावा. तो चिकटून राहिला तर ठीक. नाही राहिला तर जाळी काढून पुन्हा पाहावे. आता खेच जाणवली तर दोष जाळीत, नाहीतर झडपेत किंवा पाइपमध्ये. मोटर घूं असा आवाज करते पण फिरत नाही, तेव्हा बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरण्याचा जोर देणारा लहान भाग, गेलेला असतो, आणि तो बदलणे हे मोटर बदलण्याच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे. थेट नवी मोटर सुचवणाऱ्याला आधी कपॅसिटर तपासायला सांगावे. खडखड होत असेल तर ब्लोअरच्या पात्यांवर एका बाजूला तेल घट्ट बसून तोल गेलेला असतो. चिमणीला हात लावल्यावर झिणझिणी आली तर मात्र काहीही न तपासता प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आग आणि गॅसगळती

चिमणीखाली भांडे नसलेला बर्नर पेटता ठेवू नये. भरताचे वांगे किंवा पापड थेट ज्वाळेवर भाजताना उडणाऱ्या ठिणग्या आणि जळत्या सालीचे तुकडे तेलकट जाळीपर्यंत खेचले जाऊ शकतात, म्हणून त्या वेळी आच आणि चिमणीचा वेग दोन्ही कमी ठेवावेत. तळणाची कढई ठेवून दाराची बेल वाजली म्हणून जाणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे. तेल आधी धुमसते, आणि साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेते.

कढई पेटलीच तर गॅस बंद करावा आणि लगेच चिमणी बंद करावी, कारण चालू ब्लोअर ज्वाळेला हवा पुरवतो आणि तिला पाइपमध्ये ओढून घेतो. कढईवर बाजूने सरकवत झाकण ठेवावे आणि ती पूर्ण निवेपर्यंत उघडू नये. पाणी कधीही ओतू नये. ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते, आणि पेटते तेल खोलीभर उडते. आग जाळीत किंवा पाइपमध्ये गेली असेल तर तिच्याशी झुंजत न बसता वीजफलकावरून वीज तोडावी, स्वयंपाकघराचे दार लोटून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा.

गॅसचा वास आला की अनेकांचा हात नकळत चिमणीच्या बटणाकडे जातो. हाच हात आवरायचा असतो, कारण बटणात आणि मोटरमध्ये उडणारी बारीक ठिणगी स्फोटाला पुरेशी असते. आपल्याकडे बऱ्याच घरांत महानगर गॅसचा नळाने येणारा वायू आहे. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे, म्हणजे चिमणीची मोटर असते त्याच उंचीवर साचतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत पसरतो. गळती सांगणारे यंत्र पहिल्या प्रकारात छताजवळ आणि दुसऱ्या प्रकारात जमिनीजवळ लावतात, ते यामुळेच. वास आल्यास नळाचा कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे हाताने उघडावीत, कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. चिमणी आधीपासून चालू असेल तर ती तशीच राहू द्यावी. घराबाहेर पडल्यावरच फोन हातात घ्यावा. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे, नळाच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक. तंत्रज्ञाने गळती काढून जागा तपासल्याचे सांगेपर्यंत चिमणीच्या बटणाला हात लावू नये.